पाहुण्यांच्या खोलीमागचं गवत

वांडा कोझ्लिक कॉफीचा मोठा रिकामा डबा आणि बागेतलं खुरपं घेऊन मैदानात शिरली, ती नवऱ्याला घरी न्यायला. एमिलला जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या शेवटच्या इच्छेप्रमाणे तिने त्याची राख गुपचूप इथल्या उत्तरेच्या कोपऱ्यात, गोलरेषेपाशी टाकली होती. बेकायदा होतं, मान्य. पण ओहायोतल्या या पोलादाच्या गावात माणूस एक वेळ देवाला विसरेल, स्टोकर्सना नाही.

भट्टीत कोळसा ओतणाऱ्या कामगारांनी उभी केलेली ही अमेरिकन फुटबॉलची टीम. अजिंक्यपद? नाव काढू नका. बाहेरगावी गेले की सपाटून मार खायचे. घरच्या मैदानावर मात्र भल्याभल्यांना धूळ चारायचे. का, ते कुणालाच उमगलं नाही. आणि आता तो मेला मालक टीम उचलून दक्षिणेत घेऊन गेला होता, उन्हात! उद्या सोमवार, मैदानावर बुलडोझर येणार होते.

"जन्मभर तुझे रविवार या टीमने खाल्ले," वांडा पुटपुटली. "आता तरी माझ्याजवळ राहा."

जेवायला हाक मारली की टीव्हीसमोरून एमिलचं एकच उत्तर असायचं, "दोनच मिनिटं राहिलीत!" आणि या खेळातली दोन मिनिटं म्हणजे काय सांगावं! घड्याळ चालतं, थांबतं, पुन्हा चालतं, पुन्हा थांबतं. ताटातले पिरोगी, तिच्या हातच्या उकडलेल्या करंज्या, थंडगार व्हायचे आणि वांडाचं डोकं गरम.

ती गुडघे टेकून माती उकरू लागली, तेवढ्यात मैदानाची राखण करणारा म्हातारा लेस्टर लंगडत आला.

"वांडाबाई, तिथे काही मिळायचं नाही."

"काय मिळायचं नाही?" ती चोरासारखी दचकली.

"एमिल." लेस्टरने टोपी काढली. "अहो, सगळं गाव आपली माणसं याच कोपऱ्यात आणून टाकतं. प्रत्येकाला वाटतं, आपलं कुणाला कळलं नाही. राखेनं गवत जळतं, बाई. दर वसंतात इथे टक्कल पडायचं. मग मी ती माती काढून नवं गवत लावायचो."

"आणि जुनी माती? माझ्या नवऱ्याला कचऱ्यात टाकलंस?"

"छे हो, आपलीच माणसं ती! पाहुण्या टीमच्या खोलीमागे टाकली, भिंतीला लागून." तो कसनुसा हसला. "पाहुणे तक्रार करायचे, भिंतीतून कुणीतरी आमची हुर्यो उडवतंय. मी म्हणायचो, पाइप जुने आहेत."

वांडाच्या अंगावर सरसरून काटा आला. तरी ती गेली.

खोलीमागे कमरेएवढं गवत होतं. भर डिसेंबरात हिरवंगार. वाऱ्याची झुळूक नव्हती, तरी ते डुलत होतं. आधी किटलीत पाणी उकळावं तसा आवाज आला, मग स्पष्ट ऐकू येऊ लागलं. शेकडो गळे ओरडत होते, आणि त्यांत एक घोगरा, ओळखीचा:

"अरे आंधळ्या पंचा, चष्मा लाव!"

"एमिल!" तिच्या हातातलं खुरपं गळालं. किती वर्षांनी तो आवाज! "चल रे घरी. पिरोगी केलेत, बटाट्याचे. तुझ्या आवडीचे."

सगळं गवत रिकाम्या मैदानाकडे झुकलं आणि एकच जल्लोष उसळला. वांडाला भडभडून आलं. यांना कुणी सांगितलंच नव्हतं. टीम गेली रे, राजा, सगळं संपलं, असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

"आलोच गं!" एमिल ओरडला, लग्नाआधी ओरडायचा तसा, आनंदानं. "दोनच मिनिटं राहिलीत!"

तिने तोंड मिटलं. डबा पालथा घातला आणि त्यावर बसली.

"सापडला का?" लेस्टरने लांबूनच विचारलं.

"हो," ती डोळे पुसत म्हणाली. "सामना संपला की येतोय."