पहिला मान कुणाच्या फोनला
शरयूचं नाव निघालं की संग्रामसिंहाच्या कपाळावर आठ्या पडत, आणि त्याचं तोंड पाहिलं की शरयू दातओठ खाई. तरी दोघं शिंदे की छावनी या वस्तीतल्या एकाच खोलीत समोरासमोर बसत. औषधं घरपोच देणारं ॲप त्याच्या मालकीचं होतं आणि ते नीट चालवणं फक्त तिला जमत होतं.

तिचा सगळा भरवसा फ्लॅगवर, म्हणजे ॲपमधली एखादी सोय चालू-बंद करायच्या कळीवर. नवी सोय एकदम सगळ्यांच्या गळ्यात मारायची नाही. फ्लॅग लावून आधी थोड्याच फोनवर ती उघडायची, बिघडली तर तिथंच बंद करायची, चालली तर हळूहळू माणसं वाढवायची. या वेळची सोय जोखमीची होती. डॉक्टरांची चिठ्ठी ॲपनंच वाचायची आणि दर महिन्याची औषधं न विचारता पाठवायची. म्हणून शरयूनं पहिल्या गटात ऑफिसातली धडधाकट पोरं घातली. त्यांना ताकदीच्या गोळ्यांपलीकडे काही लागत नव्हतं.

संग्रामसिंहानं तो गट पुसून टाकला. त्याच्या घरी दसऱ्याचे विडे अजून मानाच्या क्रमानं दिले जातात. नवी चीज निघते आणि आईसाहेबांच्या आधी पोरासोरांना मिळते, हे त्याच्या डोक्यात शिरेना. पहिली त्याची आई मंदाताई, मग मामा, मग छावनीतली मानकरी घरं, असा त्यानं क्रम लावला. शरयूचे वडील गोपाळकृष्ण ॲपचे सगळ्यात जुने ग्राहक, पण त्यांना मुद्दाम वगळलं.

"दादासाहेब, हा मान नाही," शरयू म्हणाली. "काही बिघडलं तर पहिल्यालाच मार बसतो."

"तुम्हा कारभारी लोकांना चाबी आपल्याजवळच पाहिजे असते. पूर्वी दरबारात तेच, इथं पण तेच." एवढं बोलून त्यानं फ्लॅगचा ताबा तिच्याकडून काढला आणि भाच्याला, हेमेंद्रला दिला.

मानकरी घरांना खास निमंत्रणं गेली. दाना ओलीत शरयूच्या घरी बातमी पोचली तसे गोपाळकृष्ण रुसले. आपल्याला कुणी मोजलंच नाही, असं म्हणून ते जेवताना गप्प बसू लागले.

डॉक्टरांनी मंदाताईंची साखर उतरवायची गोळी अर्ध्यावर आणली होती. ॲपनं जुनी चिठ्ठी वाचली आणि पूर्ण ताकदीची गोळी पाठवली. ती घेऊन त्या देवघरात भोवळ येऊन पडल्या. सुनेनं वेळीच साखर चारली म्हणून वाचल्या. हेमेंद्र मुरारला लग्नात नाचत होता, फोन उचलेना. मग संग्रामसिंहानं शरयूला फोन केला. तिला आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलायचं. मग बाकीच्या घरांतली म्हातारी माणसं आठवली आणि तिची तिलाच शरम वाटली. ताबा द्या, लगेच बंद करते, एवढंच ती म्हणाली. त्यानं दिला, आणि तिनं सगळ्या घरांतली सोय एका झटक्यात बंद केली.

त्याच्याकडून आभाराचा शब्द आला नाही, तिनंही वाट पाहिली नाही. आठवडा उलटला आणि ताबा पुन्हा हेमेंद्रकडे गेला. दुरुस्ती झालीय, सोय परत सुरू करतोय, असं संग्रामसिंहानं जाहीर केलं. शरयूनं पहिला गट उघडून पाहिला. आत एकच नाव होतं, गोपाळकृष्ण. बाबा रक्त पातळ ठेवायची गोळी घेत, आणि तिचं प्रमाण डॉक्टर सारखं बदलत.

तिनं वर पाहिलं. संग्रामसिंह तिच्याकडेच बघत होता.

"तूच शिकवलंस ना," तो म्हणाला. "या वेळी पहिला मान तुझ्या घराला."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. कित्येक दिवसांनी बाबांचा आवाज खुलला होता. निमंत्रण आलं, आपण लगेच होकार दिला, शेजारच्या माधवरावांनाही दाखवलं, असं ते सांगत सुटले.

"बाबा, ते ॲप आत्ताच्या आत्ता काढून टाका," शरयू म्हणाली.



"इतक्या वर्षांनी त्यांनी मला पहिला धरलं," ते म्हणाले, "आणि तुलाच ते बघवत नाही?"

त्यांनी फोन ठेवला. शरयूनं पर्स उचलली आणि ती दाना ओलीकडे निघाली. संग्रामसिंहानं चहा मागवला.