मयुराच्या प्रोग्राममधल्या तीन वॉर्निंग

रतनकाकांनी मयुरा तांडेलचं त्या दिवशी तिसऱ्यांदा कौतुक केलं, आणि जतीन चुरीला हातातला चहा कडू लागायला लागला.

काकांचं डहाणूत चिकू वाळवायचे ड्रायर बनवायचं वर्कशॉप होतं. हीटर कधी तापवायचा, पंखा कधी फिरवायचा, हे ड्रायरमधली चिप ठरवी, आणि त्या चिपचा प्रोग्राम आठ वर्षं एकटा जतीन लिहीत आला होता. घोलवड-बोर्डीचे चिकू आपल्या जिवावर वाळतात, असं तो लग्नकार्यातसुद्धा सांगायचा. ते खोटंही नव्हतं. पण २०१७ साली जुनी चिप बाजारात मिळेनाशी झाली, तलासरीच्या बचत गटाने बारा ड्रायर मागितले, आणि नेमकी तेव्हाच वाढवणची ही मासेमाराची मुलगी डिप्लोमा करून कामाला लागली.

जतीनची प्रोग्राम लिहायची भाषा एका छोट्या परदेशी कंपनीची. त्या भाषेत लिहिलेलं चिपला कळेल असं करून देणारा कंपायलर जगात तेवढी एकच कंपनी बनवायची. नव्या चिपसाठीचा कंपायलर ‘येतोय, येतोय’ असं जतीन सांगत राहिला. तोवर मयुराने सी भाषेत प्रोग्राम लिहूनही टाकला.

“सीच का गं?” काकांनी विचारलं.

“सीचे कंपायलर चार-पाच जणांकडे मिळतात, काका. एकाने दुकान बंद केलं तर दुसरा आहे. आमचे बाबा म्हणतात, ज्याचे पार्ट एकाच दुकानात मिळतात ते इंजिन बोटीवर चढवायचं नाही. भर समुद्रात कोणाच्या नावाने बोंबलायचं?”

काका खो खो हसले. जतीनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आठ वर्षांत काका आपल्या बोलण्यावर असे एकदाही हसले नाहीत, हे त्याला नेमकं तेव्हाच आठवलं.

खरी गोम वेगळीच होती. कंपनीची मेल येऊन दोन महिने झाले होते. चालवणारे गृहस्थ थकले, कंपनी बंद, नव्या चिपचा कंपायलर निघणार नाही. जतीनने ती कुणाला दाखवली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची! उघडली की काल आलेल्या पोरीच्या हाताखाली बसायचं.

शनिवारी काका म्हणाले, “जतीन, तिचा प्रोग्राम तूच तपास. तू हो म्हणालास तर तलासरीला तोच जाईल. नाहीतर तुझ्या कंपायलरची वाट बघू.”

रविवारी दुपारी रिया, त्याची बायको, जेवायला हाका मारून दमली, पण हा उठेना. मयुराने एक कंपायलर वापरला होता. याने मुद्दाम दुसऱ्याच कंपनीचा घेतला. बघू तरी हिच्या चार-पाच दुकानांची मजा! स्क्रीनवर तीन वॉर्निंग आल्या, म्हणजे कंपायलरला तीन जागी काहीतरी खटकत होतं. जतीनने मांडीवर थाप मारली.

“लॉटरी लागली का?” रिया आतून म्हणाली.

दोन वॉर्निंग किरकोळ होत्या. तिसरी मात्र खरी होती. वेळ मोजायच्या आकड्याला जागा कमी ठेवली होती; वाळवण लांबलं की तो भरून परत शून्यावर येणार आणि हीटर बंदच होणार नाही. नापास! जतीन खुशीत प्रोग्राममध्ये वर वर सरकत गेला, आणखी काही सापडतंय का ते शोधत. तापमानाच्या हिशेबावर मयुराने टीप लिहिली होती: ‘हे गणित जतीनदादांचं. आठ वर्षं बरोबर चाललंय. हात लावू नये.’

त्याने ते दोनदा वाचलं. मग त्या आकड्याची जागा वाढवली आणि प्रोग्राम नव्या चिपवर चढवला. टेबलावरचा पंखा फिरायला लागला. त्याचंच गणित, त्याच्या कंपायलरला कधीच जमलं नसतं तिथे, चालत होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. पण जळफळाट काही थांबला नाही.

सोमवारी त्याने तिन्ही वॉर्निंग वाचून दाखवल्या. मयुराचा चेहरा पडला. “दुसऱ्या कंपायलरवर घालून बघायला हवं होतं, दादा. माझीच चूक.”

“म्हणजे तुझ्या कंपायलरची वाट बघायची?” काकांनी जतीनला विचारलं.

नुसतं हो म्हटलं की झालं असतं.

“तो येणार नाही, काका. मला दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं.”

काका म्हणाले, “मग तलासरीला काय पाठवू?”

“तिचाच पाठवा. चूक मी दुरुस्त केलीय,” जतीन म्हणाला. दारापर्यंत गेला आणि परत वळला. “आणि गणित माझं आहे त्यात.”