कृष्णाबाईंची साक्ष

मासेमारीच्या नव्या विधेयकावर अंधेरीच्या एका हॉटेलात संसदीय समितीची सुनावणी चालली होती. साक्षीदारांचं मराठी दुभाषी विनिता दिल्लीहून आलेल्या खासदारांना हिंदीत सांगत होती.

वेसाव्याच्या कोळीण कृष्णाबाई पोटतिडकीनं बोलल्या. समुद्रात जायचा परवाना आदल्या दिवशी मागायचा, असं विधेयकात होतं. "वारा बघून पहाटे ठरतं, बोट काढायची का नाही. आदल्या दिवशी काय सांगू?"

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "संक्षेप में बताइए."

"ये विधेयक के विरोध में हैं," विनितानं उरकलं.

कृष्णाबाई बसल्या नाहीत. "मी एवढं बोलले नि तू एवढंच सांगितलंस? हिंदी कळते मला. बाजारात रोज बोलते."

सगळे विनिताकडे बघू लागले. पुढचा साक्षीदार उठला होता. आता चूक कबूल केली तर पुन्हा हे काम मिळायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"सर, चूक माझी आहे. मला त्यांचं सगळं सांगू द्या," ती हिंदीत म्हणाली.

अध्यक्षांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. "दो मिनट."

तिनं वाऱ्यासकट सगळं सांगितलं. एका खासदारानं विधेयकाची प्रत उघडून ते कलम पुन्हा वाचलं आणि सचिवांना म्हणाला, "यह दर्ज कीजिए."

तेव्हा कुठे कृष्णाबाई खाली बसल्या.