तोमोचा आवाज

वसुमतीला खरं तर म्हातारीचा आवाज द्यायला बोलावलं होतं. तिचा मावसभाऊ राजगोपाल चेन्नईत डबिंगचा छोटा स्टुडिओ चालवायचा. केबलवर दर महिन्याला नवं चॅनल येत होतं, प्रत्येकाला परदेशातली कार्टूनं तमिळमध्ये हवी होती आणि बोलणारी माणसं पुरत नव्हती.

"अक्का, कॉलेजात नाटकं करायचीस ना? ये थोडे दिवस. तंजावुरात बसून काय करतेस?" त्याने फोनवर विचारलं.

ती काय करते हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा चेतन मित्रांबरोबर कालव्यावर पोहायला गेला आणि बुडाला. नऊ वर्षांचा होता. तेव्हापासून राजवाड्यामागच्या गल्लीतल्या त्या घरात कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं. तिचे यजमान अप्पाजी वीज मंडळात होते. ते सकाळी लवकर बाहेर पडत, अंधार पडल्यावर येत आणि जेवून भिंतीकडे तोंड करून निजत.

वसुमती गेली. जपानी मालिका होती. रेन नावाचा एक पोरका मुलगा हरवलेल्या बहिणीला शोधत डोंगर ओलांडत निघतो. त्याच्याबरोबर तोमो नावाचा त्याचा मित्र असतो. ओझं तोमो उचलतो, भूक तोमोला लागते, मार खातो तोमो आणि हसवतोही तोमोच. नाव मात्र रेनचं होतं.

तोमोचा आवाज देणाऱ्या मुलीचा घसा पहिल्याच दिवशी बसला. मुलग्यांचे आवाज बायकाच देतात, म्हणून राजगोपाल म्हणाला, "अक्का, नुसतं वाचून टाक. मागाहून बदलू."

पडद्यावर तोमो धापा टाकत पळत आला. वसुमतीने तोंड उघडलं आणि तिच्या गळ्यातून चेतन बोलला. वाक्याच्या मध्येच घेतलेला श्वास, शब्द घाईघाईने एकमेकांवर पडणं, सगळं तसंच. घरात ती मराठीत बोलायची आणि चेतन उत्तर तमिळमध्ये द्यायचा. तीच ती तमिळ. काचेपलीकडे राजगोपाल हातातला चहा विसरला.

त्यानंतर आवाज बदलायची गोष्ट कुणी काढली नाही.

मालिका संध्याकाळी साडेपाचला लागू लागली. वसुमतीने घरी काही सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी अप्पाजी कशासाठी तरी लवकर आले, टीव्हीतला आवाज ऐकून चपला काढता काढता उंबऱ्यावरच थांबले.

"कोण बोलतो तो?"

"मी," ती म्हणाली.

एक चप्पल पायात तशीच ठेवून ते शेवटपर्यंत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते पाचलाच घरी होते. मग रोजच. येताना कागदाच्या पुडीत उकडलेल्या हरभऱ्यांचं गरम सुंडल आणायचे. तोमोने विनोद केला की खांदे हलवून हसायचे. जेवताना बोलू लागले. "आज त्या सरदाराला कसा फसवला, पाहिलंस ना?" जणू पोरगा शाळेतून काही पराक्रम करून आला होता. वसुमती त्यांना ताक वाढायची आणि हसायची. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं. पण पुढची संहिता तिने वाचली होती.

तोमो मरणार होता. बर्फाच्या घाटात वाट चुकू नये म्हणून कुणीतरी वर थांबून रात्रभर जाळ पेटता ठेवायचा असतो. तोमो थांबतो. आपलं कांबळं तो रेनला देऊन टाकतो. रेन आणि त्याच्याबरोबर खाली उतरणारे सगळे त्या उजेडावर वाचतात. सकाळी जाळ विझलेला असतो आणि त्याच्या शेजारी बर्फाचा छोटासा उंचवटा असतो.

ती पुढच्या खेपेला चेन्नईला गेली तेव्हा राजगोपालला म्हणाली, "वाक्य बदल. तो दुसऱ्या वाटेने गावी गेला असं रेनला म्हणू दे."

"अक्का, चित्रात रेन बर्फ उकरतो. त्याला हात सापडतो. मी काय म्हणायला लावू?" मग हळूच म्हणाला, "दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ का?"

"नको. शेवटच्या वेळी त्याच्या तोंडात परका आवाज नको."

घाटावरून रेनला निरोप देताना तोमोचं वाक्य होतं, "पोय्टु वरेन्." जाऊन येतो. तमिळ मुलखात कुणी नुसतं 'जातो' म्हणत नाही. चेतनही त्या दुपारी दारातून हेच ओरडून गेला होता, आणि ती आत तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नव्हती.

तिने वाक्य म्हटलं. पहिल्याच खेपेला बरोबर आलं.

"झालं, अक्का," राजगोपाल म्हणाला.

"पुन्हा एकदा घे."

त्याने घेतलं. ती म्हणाली, "पुन्हा." मग पुन्हा. ती म्हणत राहिली तोवर तोमो घाटावर उभा होता, हात हलवत होता, अजून बसला नव्हता. शेवटी राजगोपालने यंत्र बंद केलं, आत आला आणि तिच्या पायांशी जमिनीवर बसला. "पोदुम, अक्का. पुरे."

तो भाग लागायच्या दिवशी ती अप्पाजींना म्हणाली, "आज मोठ्या देवळात जाऊ या. कित्येक दिवस गेलो नाही."

"उद्या जाऊ. वेळ झाली त्याची."

ती त्यांच्या शेजारी बसली. पडद्यावर बर्फ पडू लागला तशी अप्पाजींच्या हातातली पुडी तशीच राहिली. "पोय्टु वरेन्" ऐकताच त्यांनी पडद्यावरची नजर काढून वसुमतीकडे वळवली. ती मान खाली घालून होती. रेन बर्फ उकरत ओरडत राहिला. मग जाहिराती लागल्या.

"तुला ठाऊक होतं?"

"होय."

"आणि मला रोज बसू दिलंस."

ती म्हणाली, "तुम्ही हसत होता हो. मला सांगवेना."

अप्पाजींनी टीव्ही बंद केला. मग लहान मुलासारखे तिच्यासमोर येऊन बसले. "एकदा म्हण. त्याच्यासारखं. अप्पा म्हण. फक्त एकदा."

आवाज तिच्या गळ्यात तयार होता. ओठ नुसते उघडायचे होते. पण तिला दिसलं की एकदा म्हटलं की उद्या पुन्हा म्हणावं लागेल, परवाही, आणि हा माणूस म्हातारा होईपर्यंत संध्याकाळी पाचला घरी येत राहील.

ती आपल्या आवाजात म्हणाली, "चेतन नाही हो आता. गेला आपला चेतन."

त्या घरात ते नाव तीन वर्षांनी ऐकू आलं. अप्पाजींनी दोन्ही हातांनी कान झाकले. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो वसुमतीने कालव्याच्या काठावरही ऐकला नव्हता. त्या दिवशी ते रडलेच नव्हते. तिने त्यांना धरायला हात पुढे केला. त्यांनी तो झिडकारला.

कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. मग त्यांनी ओरत्तनाडूला बदली मागून घेतली. तिथून बसने घरी यायलाच आठ वाजायचे. राजगोपालचा आणखी एका मुलग्याच्या आवाजासाठी फोन आला तेव्हा वसुमती नाही म्हणाली. म्हाताऱ्या, चेटकिणी, सासवा यांची कामं ती करत राहिली.

एका रविवारी दुपारी ती वाढत होती. अप्पाजींनी पानातली भाजी बोटाने बाजूला केली. खाली बघतच म्हणाले, "त्याला पडवळ आवडत नव्हतं."

वसुमतीच्या हातातला डाव थांबला.

"नव्हतं," ती म्हणाली. "भाताखाली लपवायचा."

"मला ठाऊक होतं," अप्पाजी म्हणाले. "मी तुला सांगत नसे."

ती खाली बसली. पानावरचा भात निवत गेला. अप्पाजींना पुढचा घास घेता येईना, आणि ती वाढायला उठेना.