गळालेला तुकडा

एके काळी सरांचा संगणक-प्रोग्राम वापरला नाही असा जनुकांचा अभ्यासक शोधूनही सापडला नसता. माणसाच्या जनुकांची लांबलचक अक्षरमाळ घ्यायची, निरोगी माणसाच्या माळेशी ताडून बघायची आणि कुठलं अक्षर चुकलंय ते सांगायचं, हे काम तो चोख करी. त्याच्याच जिवावर सर प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले, कोपऱ्यातली दोन खिडक्यांची खोली त्यांच्याकडे आली.

मग चिमणी आली. आवाज बारीक, म्हणून प्रयोगशाळेतल्या पोरांनी ठेवलेलं हे नाव. तिने सरांच्या हाताखाली पीएचडी केली, दुसऱ्या विद्यापीठात गेली आणि तिथे स्वतःचा प्रोग्राम लिहिला. बघता बघता लोक सरांचा सोडून तिचाच वापरू लागले. परिषदांमध्ये मुख्य भाषण तिचं आणि सरांना सत्राचं अध्यक्षपद, म्हणजे वेळ संपली की घंटी वाजवायची. सर सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत. परिषदेच्या जेवणाला मात्र तिचं कौतुक ऐकावं लागू नये म्हणून थांबत नसत.

याच काळात त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं, ठकूचं, दुखणं सुरू झालं. सकाळी पोर घरभर हुंदडायची. संध्याकाळ झाली की पाय वाकडे पडायचे, तिला उचलून जिना चढवावा लागायचा. डॉक्टरांना निदान होईना. त्यांनी ठकूची जनुकं तपासायला सांगितली, तेव्हा बहिणीने सगळं दादावर सोपवलं.

"तू असताना मी आणखी कुणाकडे जाऊ?"

सरांनी ठकूची माळ आपल्या प्रोग्राममधून काढली. काहीच नाही. चाळणी बारीक करून पाहिली, मोठी करून पाहिली. एक अक्षर वावगं सापडेना.

पुढच्या परिषदेत चहाच्या वेळी चिमणी जवळ आली. "सर, भाचीचं कळलं. तिचा डेटा मला पाठवता का? मी बघते."

"बघू," सर म्हणाले. "पाठवतो."

पाठवला नाही. फाइल फार मोठी आहे, खासगी माहिती आहे, आधी आपणच पुन्हा एकदा बघू, अशी कारणं ते स्वतःला देत राहिले. खरं कारण एवढंच, की तिला सापडलं तर?

थंडी सरली. ठकूचे पाय आता दुपारपासूनच साथ सोडू लागले. बहीण फोन करायची, "लागलं का काही हाताला?" सर म्हणायचे, "काम चालू आहे." शेवटी तिनेच डॉक्टरांना गळ घातली, दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, आणि फाइल चिमणीकडे गेली. दादाला वाईट वाटेल म्हणून त्याला सांगितलंही नाही.

आठवड्याभरात उत्तर आलं. अक्षर एकही चुकलेलं नव्हतं. एका जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतला अख्खा तुकडाच गळाला होता. दुसरी प्रत धडधाकट, त्यामुळे सरांच्या प्रोग्रामला सगळं आलबेल दिसत होतं. डॉक्टरांनी वेगळी तपासणी करून खात्री केली आणि रोज घ्यायची एक छोटी गोळी सुरू केली. थोड्याच दिवसांत दिवेलागणीला ठकू आपल्या पायांनी जिना चढून आली, आणि गंमत म्हणून उतरून पुन्हा चढली.

चिमणी तिला बघायला आली, तेव्हा सरही तिथेच बसले होते. बहिणीने तिचे दोन्ही हात धरले.

"तुमचे उपकार कसे फेडू?"

"अहो ताई, उपकार कसले! मी तर सरांना परिषदेतच म्हटलं होतं, डेटा पाठवा म्हणून..." तिची नजर सरांच्या चेहऱ्यावर गेली. चहा अर्धाच ठेवून ती लवकर निघाली.

दार लागल्यावर बहीण म्हणाली, "दादा, परिषद थंडीच्या आधी होती ना?"

"हो."

"माझं लेकरू आहे रे ते. तुझा पेपर नव्हे."

"मला सहन झालं नसतं."

"काय? ठकू बरी झालेली?"

"चिमणीने बरं केलेलं," सर म्हणाले. खोटं बोलायलाही काही उरलं नव्हतं.

बहिणीने भांडण केलं नाही. येणंजाणं राहिलं, बोलणंही राहिलं. फक्त पुढे ठकूच्या तब्येतीचं काहीही असलं, की ती सरांच्या देखत चिमणीला फोन लावायची.

वर्षअखेरीस त्या गळालेल्या तुकड्यावरचा चिमणीचा पेपर छापून आला. सरांनी आधी शेवटचं पान उघडलं. आभारात पहिलं नाव त्यांचंच होतं: 'ज्यांनी मला माळ वाचायला शिकवली.' नाव नसतं तर बरं झालं असतं, निदान रागावता तरी आलं असतं. त्यांनी पेन्सिल घेतली, पहिल्या पानावर आले आणि चूक शोधायला बसले. संध्याकाळपर्यंत समासात एकही खूण झाली नव्हती, तरी ते वाचतच होते.