आईचं स्वप्न मी छापलं

माझ्या कथांमधली स्वप्नं फार गाजली. अल्माटीत आजच्या कझाक कथेवर चर्चासत्र असलं की मला बोलावतात आणि मी स्वप्नांवर तासभर ठोकून देते. ती माझी नव्हतीच, आईची होती. मला मेलीला साधी झोप लागायची मारामार, स्वप्नं कुठली पडायला!

आई गावाकडून रोज सकाळी फोन करायची. "दामेली, आज काय दिसलं ऐक." आमच्यात स्वप्न ऐकणाऱ्यानं लगेच चांगला अर्थ सांगायचा असतो. पहिल्यांदा जो अर्थ लावला जातो तोच खरा होतो, म्हणून आई भलत्या माणसाला स्वप्न सांगायची नाही.

एकदा म्हणाली, "तालघातचा घोडा दारात आला गं. पाठीवर खोगीर होतं, तालघात नव्हता. चांगलं बोल पटकन!"

तालघात माझा धाकटा भाऊ, लांब तेलविहिरींवर कामाला. मी म्हटलं, "थांब आई, लिहून घेते." आणि लिहीतच बसले. चांगलं बोलायचं राहूनच गेलं. कथेत तर मी त्या भावाला मारूनच टाकलं. मासिकानं छापली, बक्षीसही मिळालं.

आईनं ती गावच्या वाचनालयात बसून वाचली. तालघातला काही झालं नाही, चांगला जाडजूड होऊन परत आला. पण तो येईपर्यंतचे सात महिने तिनं कसे काढले असतील? मी मात्र "कथा आहे गं ती!" म्हणून तिच्यावरच खेकसले होते. पुढे फोनवर मेंढ्या, बर्फ, गुडघेदुखी. स्वप्नाचं नाव नाही.

आज तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. सकाळी इस्पितळात गेले तर रुमाल बांधून पलंगावर बसलेली.

"रात्री काही दिसलं?" मी विचारलं.

"दिसलं की."

"मला सांग ना. चांगलंच बोलेन, शप्पथ! हे बघ, वहीसुद्धा आणली नाही." मी पर्स पलंगावर उलटी केली.

आई हसली. "वेडी कुठली! पहाटे नळ सोडला आणि त्याला सांगून टाकलं."

वाईट स्वप्नं आम्ही वाहत्या पाण्याला सांगतो.

"इतकं वाईट होतं?"

"छे गं, चांगलं होतं. म्हणून तर तुला नाही सांगितलं."

नर्स गाडी घेऊन आली. आईचा हात धरून मी दारापर्यंत गेले. चांगलं बोलायला जीव तळमळत होता, पण कशाचा अर्थ लावायचा तेच मला माहीत नव्हतं.