अकरा जणींची काळजी

शनिवारी दुपारी आमच्या हॅडली गावाच्या एकुलत्या एका थिएटरात उभं राहायलाही जागा नव्हती. सिनेमा शाळकरी मुलांचा, विनोदी. त्यातल्या गावच्या आईबापांना एकच धास्ती, आपलं पोरगं 'तसलं', म्हणजे पोरांवरच जीव जडणारं, तर नाही ना. मग शाळेतल्या दोन चलाख मुली मैदानामागे टेबल टाकून परीक्षा घेतात आणि दाखला देतात, मुलगा सरळ आहे म्हणून. नखं कशी बघतोस, दप्तर कुठल्या खांद्याला लावतोस, पायावर पाय टाकून बसतोस का. आईबाप रांगा लावतात. थट्टा आईबापांची चालली होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आम्हाला दिसलं नाही.

पायावर पाय टाकायचा प्रसंग आला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या चार-पाच बाप्यांनी अंधारात हळूच पाय खाली घेतले. लोक पडद्याकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त बघत होते. मोठ्याने हसावं तर लोक म्हणणार याला फार कळतंय, आणि गप्प राहावं तर याला झोंबलंय. मीही आधी डावीउजवीकडे बघूनच हसत होते.

शेजारी मार्लीन यॉडर बसली होती. तिने मला कोपराने ढोसलं. "वर्ना, जॉइसचा ट्रेंट बघ. हसता हसता रडतोय."

जॉइस आमची मैत्रीण, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. नवरा गेल्यावर तिने ट्रेंटला एकटीने वाढवलं. सतरा वर्षांचा, बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणारा पोर. पडद्यावर एक आई मुलाचा दाखला न वाचताच फाडून टाकत होती आणि ट्रेंट बाहीने डोळे पुसत होता.

"असेल काहीतरी," मी म्हटलं.

"काहीतरी आहेच," मार्लीन म्हणाली.

आमच्या चर्चमध्ये बायकांची प्रार्थनेची साखळी आहे. कुणी आजारी पडलं की मार्लीन दुसरीला फोन करते, दुसरी तिसरीला, अशा अकरा जणी. शेवटची पुन्हा मार्लीनला फोन करून निरोप पोचल्याचं सांगते. साखळीने गावात पुष्कळ पुण्य केलंय, नाही म्हणत नाही. पण उघड कुटाळकी केली तर पाप लागतं, आणि तीच डोळे मिटून केली की प्रार्थना होते, हे आम्ही सगळ्या जाणून होतो.

त्या संध्याकाळी मार्लीनचा निरोप निघाला, 'ट्रेंटसाठी प्रार्थना करा, सिनेमात रडत होता.' मी साखळीत सहावी. माझ्यापर्यंत आला तो असा, 'सिनेमात कुणासाठी तरी रडत होता.' मी सातवीला सांगितलं, "कुणा मुलासाठी, असं दिसतंय." का सांगितलं? पाचवीपेक्षा मला थोडं जास्त माहीत आहे, एवढं दाखवायला. दुसरं कारण शोधून सापडत नाही.

अकरावी ल्युसिल. तिने आधी जॉइसचं घर गाठलं, मुलांना 'सुधारणाऱ्या' एका शिबिराचं पत्रक तिच्या हातात दिलं, आणि मग मार्लीनला फोन केला. "ट्रेंट एका मुलाबरोबर सापडला. सोमवारी सकाळी शिबिराची गाडी येतेय. सुखरूप पोचावा म्हणून प्रार्थना करू या."

मार्लीन रविवारी चर्च सुटताच माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला. "मी फक्त रडला म्हटलं होतं गं. मध्ये कुणी काय घातलं?"

मी तिला सांगितलं, मी काय घातलं ते. मग आम्ही दोघी जॉइसकडे गेलो.

टेबलावर शिबिराचा अर्ज होता, सही तेवढी राहिली होती. ट्रेंट समोर बसला होता, भरलेली बॅग पायाशी.

"जॉइस, सगळं खोटं आहे," मार्लीन म्हणाली. "तो कुणाबरोबर सापडला नाही. आम्ही बनवलं."

"अकरा जणींनी बनवलं?"

"एकेकीने थोडं थोडं," मी म्हटलं.

जॉइसने मुलाकडे बघितलं. "म्हणजे तू तसा नाहीस ना? सांग यांना."

"आहे मी तसा," ट्रेंट म्हणाला. "सापडलो नाही कुठे. पण आहे."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला हायसं वाटलं. म्हणजे मी खोटं पसरवलं नव्हतं! मार्लीनचाही श्वास सुटलेला मी ऐकला. एका पोराचं आयुष्य पणाला लागलं होतं आणि आम्हाला आमचीच सुटका दिसत होती. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

"मग साखळी बरोबरच होती," जॉइस पुटपुटली आणि तिने पेन उचललं.

"जॉइस, तुला याची भीती वाटतेय की आमची?" मार्लीनने विचारलं.

जॉइसचा हात थांबला. "तुमची," ती म्हणाली. "हा काल होता तसाच आहे. आज सकाळीही माझ्यासाठी अंडी केली याने. पण तुम्हा बायकांना मी तोंड कसं दाखवू?"

ट्रेंट म्हणाला, "मॉम, त्या सिनेमातल्या आईने दाखला फाडला ना, तेव्हा मला रडू आलं. तू नसता फाडलास, म्हणून."

जॉइस रडली नाही. तिने अर्ज घेतला आणि शांतपणे दोन तुकडे केले. मग मार्लीनकडून साखळीतल्या उरलेल्या नऊ जणींचे नंबर मागून घेतले.

"सांगू का रे त्यांना?" तिने ट्रेंटला विचारलं.

"मी सांगायच्या आधीच सगळ्यांना माहीत झालंय. निदान तू तरी नीट सांग."

"जॉइस बोलतेय," तिने पहिल्या फोनवर सांगितलं. "माझा मुलगा आहे तसाच आहे आणि घरीच राहणार आहे. त्याच्यासाठी प्रार्थना नको." सहा जणींनी बोलणं पुरं व्हायच्या आत फोन ठेवला. तिने दर वेळी पुढचा नंबर लावला.

सोमवारी पहाटेच मी आणि मार्लीन तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. गाडी आली. चालक सभ्य माणूस, डोक्यावरची टोपी काढून बोलणारा. जॉइस दारातूनच म्हणाली, "तो येणार नाही."

"ठीक आहे, मॅडम." त्याने खिशातली यादी काढली आणि ट्रेंटच्या नावावर रेघ मारली. रेघेखाली अजून चार नावं होती. चारही आसपासच्या गावांतली. त्यातली प्रत्येक पोरगी, प्रत्येक पोर कुणाच्या तरी काळजीतून त्या कागदावर पोचलं असणार.

त्याने पुढच्या गावचा रस्ता मला विचारला. मी सांगितला नाही. तो त्याला सापडलाच असणार.